तबकडीतील लाख

गोंदिया जिल्ह्यातील देवरी व सालेकसा या भागांतील रानांत पळस व कुसुम ही झाडे आढळतात. त्यांच्या कोवळ्या डहाळ्यांतील रस शोषून लाखेचे किडे आपल्याभोवती राळेचे कवच निर्माण करतात. ही लाख खरवडून, धुऊन, कापडी नळीत भरून विस्तवापुढे वितळविली व पातळ ताणली, म्हणजे चपडा तयार होतो. गोंदिया शहरात लाखेचे कारखाने होते.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ काढला. १८८७ साली बर्लिनरने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याच्या आरंभीच्या रबरी तबकड्यांवर स्वररेषा सर्वत्र सारखी उठेना. तेव्हा चपडा, दगडाची पूड व काजळी यांचे मिश्रण पुढे आले. ते तापताच मऊ होई, साच्याची सूक्ष्म रेषा उचली आणि निवताच कठीण होई. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान गायिली. परंतु तबकड्या जर्मनीत छापल्या गेल्या. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत हिंदुस्थानची लाख व हिंदुस्थानचा स्वर, दोहोंनाही समुद्र ओलांडूनच घरी परतावे लागे.

तासभर रंगणारा राग सुमारे तीन मिनिटांत बसवावा लागला, हे खरे. तथापि त्यामुळेच मैफलीचे गाणे सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर आले.

तबकडीवर गायकाचे व कंपनीचे नाव असे. लाख खरवडणाऱ्याचे कोठेच नसे. १९४८ साली विनाइलची दीर्घ तबकडी निघाली आणि कालांतराने चपड्याची ही मागणी सरली. जुनी तबकडी हातून निसटताच फुटते. ज्यांच्या घरी ती असेल त्यांनी ती जपावी. तिच्यात गवयाच्या कंठाबरोबर रानातले श्रमही साठलेले आहेत.