खत कोण उलटवणार? कंपोस्टची शंभर वर्षं आणि आपल्याकडच्या शाळा

आजच्या भागाचा विषय आहे खत. हो, खत. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये खत कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला कचरा हा विषय टाळता येत नाही. डम्पिंग कुठे करायचं यावरून आपल्याकडे आंदोलनं झालीत, कोर्टकचेऱ्या झाल्यात. वालधुनी आणि उल्हास नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. त्यामुळे एखादी शाळा "आम्ही आमच्या ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करतो" म्हणते, तेव्हा ती फार मोठी गोष्ट म्हणत असते. हा प्रयत्न यशस्वी कशाने होतो आणि फसतो कशाने, हे कळायला थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे उकिरडा होताच. गोठ्यामागचा खड्डा, त्यात शेण, राख, पालापाचोळा, आणि वर्षभर वाट बघणं. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, असं आपण म्हणतो ते उगीच नाही. उकिरडा म्हणजे वाट बघणं, हे गृहीतच होतं. हा वेळ कमी करता येईल का, या प्रश्नावर इंदूरला पद्धतशीर काम झालं. १९२४ मध्ये तिथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. जमीन होळकर संस्थानाची, संचालक अल्बर्ट हॉवर्ड. संस्था मुळात कापसासाठी होती. पण हॉवर्ड यांच्या लक्षात आलं की जमिनीत सेंद्रिय अंश नसेल तर नुसतं वाण सुधारून भागणार नाही. मग काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओल राखून, ढीग ठरावीक दिवसांनी उलटवून, साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची रीत बसवली गेली. हीच ती इंदूर पद्धत.

१९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघालं, 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर'. लेखक म्हणून त्यावर दोन नावं आहेत. एक अल्बर्ट हॉवर्ड, दुसरं यशवंत डी. वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचं काम बघत. ढिगात कार्बन किती, नायट्रोजन किती, तापमान कधी चढतं आणि कधी उतरतं, या मोजमापावरच ही पद्धत उभी आहे. पुढे हॉवर्ड इंग्लंडला परतले, 'सर' झाले, १९४० मध्ये त्यांचं 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' आलं आणि जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांचे ते गुरू ठरले. वाड हे नाव मात्र ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये राहिलं. हॉवर्ड यांनी स्वतः वारंवार सांगितलं की आपण हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांकडून शिकलो. तरीही गोष्ट सांगताना लोक एकच नाव घेतात. आमच्या क्षेत्रातही असंच होतं. कोड चार जण लिहितात, डेमो एकजण देतो.

इंदूर पद्धतीत एक अडचण होती: मजुरी. ढीग उलटवायला माणसं लागतात. शेतावर ती असतात, शहरात कुठून आणणार? १९३९ च्या सुमारास बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. एन. आचार्य यांनी शहरांसाठी वेगळी पद्धत बसवली. चरात शहरातला कचरा आणि मैला यांचे थर द्यायचे, वरून मातीने लिंपून टाकायचं, आणि उलटवायचं नाही. वेळ जास्त लागतो, सहा ते आठ महिने, पण मेहनत कमी. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई आली तेव्हा देशातल्या कितीतरी नगरपालिकांनी ही पद्धत उचलली.

याच काळात आपल्या भागाचं रूप बदलत होतं. कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच ही नावं अजून तशीच आहेत. या शहराला उकिरडा कधी मिळालाच नाही. उकिरड्याला गोठा लागतो, परसदार लागतं. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, सामायिक संडास, सामायिक नळ. तिथे कचरा हा पहिल्या दिवसापासून कुणीतरी येऊन उचलायची वस्तू होता. अंबरनाथ कारखान्यांमुळे वाढलं. बदलापूर बराच काळ गाव राहिलं आणि मग टॉवरांनी भरलं. तिन्हीकडे परसदार गेलं आणि 'कुणीतरी येऊन उचलेल' ही सवय राहिली.

आता खरा प्रश्न: हा 'कुणीतरी' कोण?

बदलापुरातल्या एका शाळेत आम्ही काही जण कंपोस्टच्या कामात मदत करतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण असं कुठल्याही शाळेत घडू शकतं. प्रकल्पाची माहिती द्यायला पालकसभा बोलावली होती. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मुलाने कचरा उचलावा म्हणून आम्ही फी भरत नाही." यासाठी आमची तयारी होती. विज्ञान, पर्यावरण, सगळे मुद्दे पाठ होते. मग मागच्या बाकावरून एक ताई बोलल्या, "आमच्याकडे तीन पिढ्या हेच काम केलंय. माझ्या पोरीला शाळेत तरी ते करायला लावू नका." सभागृह गप्प झालं. वरवर दोघांची मागणी एकच होती. पण पहिल्या वाक्यात काम हलकं म्हणून नको होतं आणि दुसऱ्यात ते काम वर्षानुवर्षं एकाच घराच्या वाट्याला आलं म्हणून नको होतं. या दुसऱ्या वाक्यापुढे कार्बन-नायट्रोजनचं गणित कामाचं नव्हतं.

हा प्रश्न नवीन नाही, आणि त्याच्याशी झुंजलेला एक मराठी माणूस आहे: अप्पासाहेब पटवर्धन. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मागणी केली की तुरुंगातलं भंगीकाम मला करू द्या. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं, तुम्हाला देता येणार नाही, अशी सरकारची भूमिका. अप्पांनी अन्न सोडलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळलं तेव्हा ३ डिसेंबर १९३२ ला त्यांनीही पाठिंब्याचा उपवास सुरू केला, आणि सरकारला विषय परत हातात घ्यावा लागला. पुढे अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला. तिथला गोपुरी संडास प्रसिद्ध आहे. मैला डोक्यावरून वाहायला लागूच नये, तो जागच्या जागी मातीत मिसळून त्याचं सोनखत व्हावं, ही त्यामागची कल्पना. माणूस बदला एवढंच अप्पा सांगत बसले नाहीत. त्यांनी रचना बदलली.

शाळेच्या बाबतीतही असा धागा आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि त्यातून नयी तालीम आली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई हा अभ्यासाचाच भाग होता, आणि त्यात शिक्षकही असत. म्हणजे शाळेतलं कंपोस्ट ही काही स्वच्छता सर्वेक्षणाच्या गुणांसाठी काढलेली नवी टूम नाही.

त्या ताईंशी नंतर मुख्याध्यापिका बाई स्वतः बोलल्या. ताईंनी दोन अटी घातल्या. कामाची यादी नोटीस बोर्डावर लागली पाहिजे, आणि तिच्यात पहिली नावं शिक्षकांची असली पाहिजेत. आम्ही तिसरी जोडली: पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागेल, कुणी कुणाची 'निवड' करणार नाही. हातमोजे, फावडं, घमेलं सगळ्यांना सारखं. आणि शाळेतल्या मावशींवर यातलं काहीही वाढीव टाकायचं नाही. हे नियम ठरायला दोन सभा गेल्या. टाकी बांधायला चार दिवस लागले.

टाकी कुठली, तर नाडेप. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची. त्यांच्या नावातली अक्षरं जोडूनच 'नाडेप' झालं, आणि लोक त्यांना नाडेप काका म्हणायचे. त्यांची अडचण वेगळी होती. शेतकऱ्याकडे गुरं कमी, म्हणून शेण कमी. त्यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची टाकी केली आणि हवा खेळावी म्हणून भिंतींमध्ये भोकं ठेवली. साधारण दीड टन काडीकचरा, जवळपास पावणेदोन टन माती, आणि शेण फक्त शंभर किलोच्या आसपास. एक-दोन दिवसांत टाकी भरायची, वरून शेणामातीने लिंपायची, उलटवायची नाही. ओल टिकवायची, भेगा बुजवायच्या. ९० ते १२० दिवसांत खत तयार.

म्हणजे बघा, प्रत्येकाने आपापली अडचण ओळखून पद्धत घडवली. वाड-हॉवर्ड यांची अडचण वेळ, आचार्यांची मजुरी, पांढरीपांडेंची शेण. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार'मधून जमीनच नसलेल्यांना गच्चीवर, पोत्यात, टोपलीत माती घडवायला शिकवलं. मग शाळेची अडचण कुठली? माझ्या मते, सुट्टी. एप्रिल अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत शाळेत कुणी नसतं. रोज बघावा लागणारा ढीग मे महिन्यात वाळून खडखडीत होतो. आणि जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस उघड्या ढिगाचा चिखल करतो, मग वास, मग शेजारच्या सोसायटीची तक्रार, मग प्रकल्प बंद.

उत्तर कॅलेंडरमध्येच सापडलं. जानेवारी ते मार्च पानगळ असते. एरवी झाडून जाळला जाणारा पाला गोणीत भरून ठेवायचा. होळीच्या आसपास एक दिवस ठरवून सगळ्या शाळेने मिळून टाकी भरायची आणि लिंपायची. मधल्या काळात आठवड्यातून एकदा पाणी आणि भेगांची तपासणी, त्यासाठी एकच माणूस पुरतो. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा तीन महिने होत आलेले असतात. वर पत्रा हवाच, आणि टाकी जमिनीपासून वीतभर उंच. पूर्ण आकार शाळेला मोठा पडतो, आम्ही निम्म्याने केला.

पोषण आहाराच्या खिचडीचं उरलंसुरलं मात्र या टाकीत नाही. त्यासाठी झाकणाचे, भोकं पाडलेले दोन ड्रम. एक भरत असताना दुसरा मुरतो. ओलं एक भाग, तर सुका पाला आकारमानाने दोन भाग, हा नियम. वास आला म्हणजे पाला कमी पडला. मुलं खिचडी टाकतात किती, हे रोज वजन करून लिहितात. उल्हासनगरच्या शाळांना एक सूचना: फर्निचर मार्केटमधला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात रासायनिक गोंद असतो. निव्वळ लाकडाचा भुसा असेल तरच घ्या. अंगण सिमेंटचं असेल तर टाकीचा हट्ट सोडा आणि दाभोळकरांच्या वाटेने टोपल्या वापरा.

२०१६ च्या घनकचरा नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या बऱ्याच शाळांमध्ये हे सुरू होईल. टाकीचा आराखडा कुणीही देईल. तो मागण्याआधी कामाची यादी लिहा, आणि ती वरून खाली वाचून बघा. कुणाचं नाव त्यात कधीच येत नाही, आणि कुणाचं रोज येतं? शंभर वर्षांत कंपोस्टचं रसायन सुटलंय. ही यादी दर शाळेला नव्याने सोडवावी लागते.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाला जाळू नका, गोणीत भरून ठेवा.