निष्कास वायूंची पळवाट

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. तिच्यावर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतले. जहाजांच्या एकसारख्या वेगाने चालणाऱ्या इंजिनांना ही युक्ती मानवली. मोटारीचा वेग मात्र सतत बदलतो. शिवाय जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त निष्कास वायू आणि पुन्हा आणखी हवा! हे चक्र आवरले नाही, तर सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटते.

म्हणून १९६२ च्या अमेरिकन ओल्डस्मोबिल जेटफायर मोटारीत ‘वेस्टगेट’ ही झडप आली. हवेचा दाब मर्यादेपलीकडे गेला की एक पातळ पडदा ढकलला जातो, झडप उघडते आणि काही वायू टर्बाइनला वगळून निघून जातात. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली सादर केलेल्या ‘९९ टर्बो’ मोटारीत या झडपेचा दुसरा लाभ दिसला. झडप आवरायला असल्यामुळे लहान टर्बाइन बसवता आली, आणि लहान टर्बाइन इंजिनाच्या कमी वेगातही चटकन फिरू लागते.

म्हणजे थोडी ऊर्जा सोडून दिली, म्हणूनच उरलेली हवी तेव्हा वापरता आली. वॅटच्या वाफेच्या इंजिनातील नियंत्रक शिकवताना हे उदाहरण जोडावे, असे आम्हांला वाटते.