चार भाषांतले एक पुस्तक

1878 साली पंडिता रमाबाई भावाबरोबर कलकत्त्यास आल्या, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. रमाबाई वीस वर्षांच्या होत्या. पुस्तक दिसायला छान, म्हणून त्यांनी ते उघडले. पण ते संस्कृत त्यांच्या ओळखीचे नव्हते, शिकवणही नव्हती. वेळ फुकट जाईल असे ठरवून त्यांनी ते मिटले. टाकून मात्र दिले नाही. हे सारे त्यांनी स्वतःच 1907 सालच्या इंग्रजी आत्मकथनात सांगितले आहे.

मी कोलकात्यात राहते. बाहेर बंगाली, घरात मराठी. भाषा येत असूनही पुस्तक बोलत नाही, हा अनुभव मला नवा नाही. मी ख्रिस्ती नाही. शास्त्र लक्ष देऊन वाचणाऱ्याशी देव बोलतो, असे श्रद्धावान म्हणतात. ते खरे की खोटे हे पाहण्याचे साधन इतिहासाजवळ नाही. पण तो आवाज ऐकू यावा म्हणून एका बाईने काय काय केले, ते इतिहासाला दिसते.

रमाबाईंचे बालपण पोथीच्या आवाजात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे त्या आईनेच लेकीला श्लोक पाठ करवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून देवळात पुराण वाची. लोक येत, ऐकत, दक्षिणा ठेवून जात. अर्थ कळो न कळो, कानावर पडले की पुण्य. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. त्या ऐकण्याबद्दल रमाबाई नंतर कडवट लिहितात. मला तेवढे कडवट होता येत नाही. माझी आजी श्रावणात शिवलीलामृताचा अकरावा अध्याय माझ्याकडून वाचून घेई आणि मी अडखळले की मिटल्या डोळ्यांनी ओळ पुरी करी. अर्थात ती पोथी मराठी होती, आणि आमच्या घरी उपासमार नव्हती.

लग्नानंतर सिल्चरला, नवऱ्याच्या घरी, रमाबाईंना पुस्तकांत एक लहानशी पुस्तिका सापडली : लूकचे शुभवर्तमान, बंगालीत. संस्कृतात जे मुके राहिले ते बंगालीत बोलू लागले. या पंडितेला जाग आणली ती देववाणीने नव्हे, तर लग्नानंतरच्या घरच्या भाषेने. बिपिनबिहारींना बायकोने ख्रिस्ती व्हावे हे रुचले नाही. 1882 मध्ये ते कॉलऱ्याने गेले.

पुढचा टप्पा इंग्लंड. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला, वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांच्या आश्रमात नेले. या बायकांची एवढी काळजी का, असे रमाबाईंनी विचारले. एका भगिनीने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला : भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. खरी उपासना या डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही, हे तो सांगतो ते अशा बाईला. स्त्रीला स्वतंत्र मोक्ष नाही असे धर्मशास्त्रात शिकलेल्या विधवेने हे ऐकले. सप्टेंबर 1883 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपत नाही, उलट अवघड होते. वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा होती की आता रमाबाईंनी चर्चची शिकवण मान्य करावी. रमाबाई त्रैक्यावर, चमत्कारांवर प्रश्न विचारत राहिल्या. पत्रांतून वाद झडले. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा सूर. देव बोलत असेल तर तो आपल्याशी थेट बोलेल, मध्ये दुभाषा नको. मला यात श्रद्धेइतकाच पंडिती बाणा दिसतो. मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय गप्प न बसणारी शास्त्र्याची मुलगी ती.

आणि मूळ ग्रंथ पाहायचा तर हिब्रू आणि ग्रीक आले पाहिजे. केडगावला, मुक्ती मिशनच्या शेकडो बायकामुलींचा व्याप सांभाळत, उतारवयाकडे झुकताना त्यांनी त्या भाषांचा अभ्यास केला आणि सारे बायबल मूळावरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. हे भाषांतर कोणासाठी, तर नुकत्याच अक्षरे लावू लागलेल्या खेड्यातल्या बायकांसाठी. संस्कृताने ज्यांना नाव दिले, सरस्वती म्हटले, त्याच बाई संस्कृत शब्द गाळत बसल्या. जुन्या धर्माचा वास येईल म्हणून काही शब्द त्यांना नको होते. मूळाला धरून राहण्याच्या हट्टात मराठी वाक्य कुठे कुठे ताठर होते, हे मान्य करावे लागते. सुंदर मराठी हवी असेल तर रेव्हरंड टिळकांकडे जावे. पण मोठ्याने वाचल्यावर त्या ताठर वाक्यांत थांबा सापडतात, प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो.

1921 मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली. रमाबाई काम करतच राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यात निघाले. तिथले खिळे जुळवणारे हात आश्रमातल्या मुलींचे होते. ओळ लावताना त्यांना ती अक्षर अक्षर वाचावीच लागे, तीही उलटी.