सीपॅप यंत्रांतील बिनतारी संपर्क

स्लीप ॲप्निया अर्थात निद्राश्वासरोध या विकारावर घरी वापरल्या जाणाऱ्या सीपॅप यंत्रांतून उपचाराची माहिती तारेविना डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याच्या सोयीला सीपॅप यंत्रांतील बिनतारी संपर्क म्हणतात. या विकारात झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटतो. सीपॅप यंत्र मास्कमधून सतत दाबाने हवा सोडून तो उघडा ठेवते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी विकसित केली व तिचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती

पूर्वी यंत्रातील नोंदी मेमरी कार्डवर साठत आणि रुग्णाला ते कार्ड दवाखान्यात न्यावे लागे. रेझमेड कंपनीने २०१४ साली आणलेल्या एअरसेन्स १० या मालिकेत मोबाइल मोडेम अंगभूतच होता. त्यामुळे घरात इंटरनेट नसले तरी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागली. इतर काही यंत्रे ब्लूटूथद्वारे रुग्णाच्या फोनशी जोडली जातात.

वापराचे तास, मास्कमधून होणारी हवेची गळती आणि दर तासाला श्वास थांबण्याच्या वा उथळ होण्याच्या प्रसंगांची सरासरी या नोंदी प्रामुख्याने पाठवल्या जातात. ही सरासरी ५ पेक्षा कमी असल्यास प्रौढांत सामान्य, तर ३० किंवा अधिक असल्यास विकार तीव्र समजला जातो. प्रत्येक श्वासाचा तपशीलवार आलेख सहसा कार्डवरच राहतो. काही प्रणालींत डॉक्टरांना हवेचा दाब दुरूनच बदलता येतो. गळका मास्क पहिल्या आठवड्यातच लक्षात येणे, हा या सोयीचा सर्वांत मोठा लाभ म्हणावा लागेल. कारण कंटाळून यंत्र कपाटात ठेवून देणारे रुग्ण पुष्कळ असतात.

विमा आणि खासगीपणा

अमेरिकेतील मेडिकेअर योजनेत यंत्राचा खर्च पुढे चालू राहण्यासाठी पहिल्या ३ महिन्यांत सलग ३० दिवसांच्या एखाद्या कालावधीत किमान ७० टक्के रात्री, म्हणजे २१ रात्री, प्रत्येकी ४ तास वापर दिसावा लागतो. अनेक खासगी विमा कंपन्याही असाच निकष लावतात. अशा रीतीने उपचारासाठी घेतलेली नोंद खर्च द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा पुरावा बनते. सर्दीमुळे मास्क साडेतीन तासांतच काढावा लागला, तर ती रात्र मोजली जात नाही. यंत्र तास मोजते, कारण नोंदवत नाही. आपल्या निद्रेची माहिती कोणाकोणाकडे जाते याची अनेक रुग्णांना कल्पना नसल्याने या प्रथेवर टीका झाली आहे.

मर्यादा

बिनतारी संपर्क तुटला तरी उपचार थांबत नाही. विमानात वापरण्यासाठी दिलेल्या पर्यायाने मोडेम बंद करता येतो आणि नोंदी कार्डवर साठतच राहतात. ऑस्कर या मुक्त संगणकप्रणालीच्या साहाय्याने अनेक यंत्रांची कार्डे रुग्णाला स्वतःच्या संगणकावर वाचता येतात. त्यासाठी माहिती कोणत्याही सर्व्हरवर पाठवावी लागत नाही. मात्र मोडेम मोबाइल सेवेवर अवलंबून असतो. २०२२ साली अमेरिकेतील ३जी सेवा बंद झाल्या, तेव्हा केवळ त्याच जाळ्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचा दूरसंपर्क संपला. हवेचा दाब मात्र पूर्वीप्रमाणेच मिळत राहिला.