कान वाजतात त्यांचे काय?

"तुझे कान वाजले असतील," असे आपण कोणाला म्हणतो? जे कोणी बोललेच नाही, ते ऐकू आल्याचे सांगणाऱ्याला. उर्दूतही "कान बजना" म्हणजे भासच. दोन्ही भाषा शिकवताना हा वाक्प्रचार मी कितीदा तरी फळ्यावर लिहिला असेल. ज्याचे कान खरोखर वाजतात त्याला तो कसा लागत असेल, हे मात्र फार उशिरा सुचले. मालेगाव-भिवंडीत पॉवरलूमच्या खडखडाटात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्यांना विचारून पाहा. रात्री सगळे शांत झाले की कानातली शिट्टी जास्तच ठळक होते. घरच्यांना ती ऐकू येत नाही, बहुतेक वेळा डॉक्टरच्या नळीलाही नाही. मग "वहम आहे" म्हणून विषय संपतो.

जुन्या हकीम-वैद्यांनी तो असा संपवला नव्हता. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये तनीन, दवी आणि सफीर यांची चर्चा आहे: किणकिण, घुमणारा आवाज आणि शिट्टी. अरबीत या आजाराला आजही तनीनच म्हणतात. सुश्रुतसंहितेत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड अशी दोन वेगळी नावे आहेत. यावरून "सगळे आमच्याकडे आधीच होते" असे म्हणायला कोणी धावू नये, ना त्यांनी ना आपण. दुखण्याला नाव देणे हे मोठेच काम, पण विजेने त्यावर इलाज करण्याची गोष्ट सुरू होते ती इटलीत.

अलेस्सांद्रो व्होल्टा याने जगातली पहिली बॅटरी बनवली आणि २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्राने कळवले. त्याच पत्रात त्याने स्वतःवर केलेला एक प्रयोग सांगितला आहे. दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून त्याने त्या बॅटरीला जोडल्या. आधी डोक्यात जोराचा धक्का बसला, मग काहीतरी घट्ट पदार्थ रटरट शिजत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मेंदूला इजा होईल या भीतीने त्याने तो प्रयोग पुन्हा केला नाही. विजेने कानात आवाज निर्माण करता येतो, हे मात्र कळून चुकले.

मग आवाज घालवताही येईल का? दुसऱ्याच वर्षी, १८०१ मध्ये, बर्लिनच्या ग्रापेनगीसर या डॉक्टरने विजेच्या उपचारांवर पुस्तक लिहिले. त्यात कान वाजण्यावरचे प्रयोगही होते. त्याच वर्षी व्हिएन्नात तिशीतला बीथोव्हेन आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, लिहीत होता की कान रात्रंदिवस गुणगुणतात. नोव्हेंबरच्या पत्रात तो विचारतो, विजेच्या उपचाराचे चमत्कार ऐकतो आहे, तुझे मत काय? बर्लिनमध्ये एका बहिऱ्या-मुक्या मुलाला ऐकू येऊ लागल्याचे त्याच्या कानावर आले होते. एवढा मोठा संगीतकार, पण ती अगतिकता लूमवाल्याचीच. विजेने त्याचे काही भले झाले नाही.

१८२१ मध्ये पॅरिसच्या इटार या डॉक्टरने वेगळीच वाट धरली. कानातल्या आवाजासारखाच बाहेरचा आवाज ठेवा, असे तो सांगे. धडधडून पेटलेली शेकोटी, ओल्या लाकडाची चुरचुर, पाणचक्कीचा शेजार. हा मार्ग आजही वापरात आहे, फक्त यंत्रे बदलली. विजेचे उपचार मात्र पुढे बराच काळ भोंदूंच्या हाती गेले.

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये एरिएस या सर्जनने एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या डोक्यात श्रवणाच्या चेतातंतूजवळ जूर्नोने बनवलेले विद्युत उपकरण बसवले. त्याला लय कळली, काही साधे शब्दही ओळखता आले, पण उपकरण टिकले नाही. १९६१ पासून लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी शंखाकृती अंतर्कर्णात, म्हणजे कॉक्लियात, तार घालायला सुरुवात केली. ध्येय एकच होते, बहिऱ्याला ऐकू यावे. त्यांतले काही रुग्ण सांगू लागले की यंत्र चालू असताना कानातली शिट्टीही कमी होते. आपल्या गोष्टीतले वळण मला इथे दिसते. हा इलाज कोणी शोधायला निघाले नव्हते. "कान वाजतात" म्हणणाऱ्यांनीच तो डॉक्टरांना सांगितला आणि डॉक्टरांनी त्यांचे ऐकून घेतले.

फ्रान्समध्ये बोर्दोच्या संशोधकांनी त्याच सुमारास दाखवले की कानाच्या आतल्या पडद्याजवळ धन प्रवाह दिला की शिट्टी दबते. पण असा एकाच दिशेचा प्रवाह सतत दिला तर आतल्या पेशी जळतात. म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये धन-ऋण समतोल असलेले छोटे ठोके देतात.

पण शिट्टी थांबते कशी? श्रवणाचा चेतातंतू कापूनही ती काहींची गेली नाही, तेव्हा तिचे मूळ केवळ कानात नाही हे उघड झाले. आतल्या केसपेशी मेल्या की मेंदूकडे येणारी बातमी आटते, आणि मेंदू जणू रेडिओचा आवाज वाढवत नेतो. स्टेशन नसले तरी खरखर ऐकू येतेच. इम्प्लांट ती बातमी पुन्हा पुरवते.

२००८ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या डॉक्टरांनी २१ जणांची हकिकत छापली. एका कानाने बहिरे आणि त्याच कानातल्या आवाजाने हैराण झालेले हे लोक. यावेळी इम्प्लांट मुद्दाम शिट्टीसाठीच बसवले होते. दहापैकी सरासरी ८.५ असलेला आवाज दोन वर्षांनी यंत्र चालू असताना २.५ वर आला. रात्री यंत्र काढले की बऱ्याच जणांचा आवाज परत वाढे.

म्हणून लूमवाल्या चाचांना "ऑपरेशन करून घ्या" असे मी सांगणार नाही. या शस्त्रक्रियेत उरलेसुरले ऐकू येणेही जाऊ शकते आणि काहींना तिच्यानंतरच नवी शिट्टी लागते. हा इलाज कान जवळजवळ निकामी झालेल्यांसाठी आहे. खर्चही लाखांत. सरकारी योजनेतून इम्प्लांट मिळते ते बहिऱ्या लहान मुलांना. त्या कामात पुढे असलेली वांद्र्याची राष्ट्रीय संस्था महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ मध्ये उभी राहिली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. चाचांनी आधी ऐकण्याची तपासणी करावी. ऐकू कमी येत असेल तर साधे कानाचे यंत्रही पुष्कळदा शिट्टी मागे ढकलते. आणि घरच्यांनी तोवर "वहम" हा शब्द तेवढा वापरू नये.