एकाच टॅलेंट हंटमधून निघालेली दोन पोरं : एकाने फॉर्म्युला वनची गाडी चालवून पाहिली, दुसरा जर्मनीच्या डीटीएममध्ये पोचला

आमच्या चकलांब्याकडे रेस म्हटलं की डोळ्यासमोर शंकरपट येतो. बैलजोडी, धुरळा आणि काठावर ओरडणारी माणसं. शंकरपटाचं गणित सगळ्यांना माहिती असतं. बैल सांभाळायचा खर्च मालकाचा, जिंकलं तर बक्षीस, हरलं तर पुढच्या पटाची तयारी.

कार रेसिंगचं गणित मात्र फार कमी लोकांना माहिती आहे. बहुतेकांना वाटतं, ड्रायव्हर चांगला असला की तो फॉर्म्युला वनमध्ये जातो आणि नसला की घरी येतो.

पण तसं नाहीये. मधे एक मोठी दुनिया आहे. ती समजून घ्यायची असेल तर मुंबईचा जेहान दारूवाला आणि बंगळुरूचा अर्जुन मैनी या दोघांची गोष्ट बघावी लागते.

सुरुवात २०११ ला झाली

त्या वर्षी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. फोर्स इंडिया ही विजय मल्ल्यांची टीम तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये होती. त्यांनी देशभरातून पोरं शोधायला 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाचा टॅलेंट हंट काढला. त्यात तीन पोरं निवडली गेली. तरुण रेड्डी, अर्जुन मैनी आणि जेहान दारूवाला.

जेहान मुंबईच्या पारशी कुटुंबातला. जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा. रेयोमंद बनाजी हे भारतातल्या रेसिंगमधलं जुनं नाव, त्यांच्याकडे तो कार्टिंग शिकला. कार्टिंग म्हणजे जमिनीला घासून चालणाऱ्या छोट्या गाड्यांची रेस. जगातले जवळपास सगळे मोठे ड्रायव्हर इथूनच सुरुवात करतात. २०१३ मध्ये जेहानने ब्रिटनची केएफ थ्री कार्टिंग चॅम्पियनशिप जिंकली. म्हणजे ज्यांच्या गावात हा खेळ रुजलाय, त्यांच्याच ट्रॅकवर जाऊन त्याने त्यांना हरवलं.

मग तो एकेक पायरी चढत गेला

२०१६ मध्ये तो जोसेफ कॉफमन रेसिंग या जर्मन टीमकडून फॉर्म्युला रेनो चालवत होता. त्याचा टीममेट होता लँडो नॉरिस. २०१७ ला जेहानने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी तो युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला आणि जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराच्या नोरिसरिंग ट्रॅकवर त्याने शर्यत मारली. या चॅम्पियनशिपमध्ये शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय.

नोरिसरिंग हे नाव लक्षात ठेवा. डीटीएमची ही लाडकी जागा आहे. फॉर्म्युला थ्रीच्या शर्यती तेव्हा डीटीएमच्याच वीकेंडला व्हायच्या.

२०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत तो तिसरा आला. २०२० ला रेड बुलने त्याला आपल्या ज्युनिअर टीममध्ये घेतलं आणि तो फॉर्म्युला टूमध्ये पोचला. ६ डिसेंबर २०२०, बहारीनचं साखिर सर्किट. जेहानने शर्यत जिंकली. फॉर्म्युला टू जिंकणारा पहिला भारतीय. त्याच शर्यतीनंतर मायकल शूमाकरचा पोरगा मिक त्या वर्षीचा चॅम्पियन ठरला.

पुढे २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी जेहान इटलीच्या मोंझावर जिंकला. जून २०२२ मध्ये मॅकलरेनने सिल्व्हरस्टोनवर त्याला फॉर्म्युला वनची गाडी चालवायला दिली.

तरी फॉर्म्युला वन का मिळालं नाही?

कारण जागाच नव्हत्या. तेव्हा दहा टीम, प्रत्येकी दोन ड्रायव्हर, म्हणजे अख्ख्या जगात वीस खुर्च्या. त्यातल्या एका वर्षात रिकाम्या होणार दोन किंवा तीन.

वर सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी तीन वर्षांत ४० पॉइंट जमवावे लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिनात आलात तर एका झटक्यात ४० मिळतात. खाली घसरलात की पॉइंट भराभर कमी होतात. जेहान २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी सातवा आला.

त्याच्या बाजूच्या गॅरेजमधली पोरं पुढे निघून गेली. नॉरिस २०१९ ला फॉर्म्युला वनमध्ये गेला. २०२० मधला टीममेट युकी त्सुनोदा आणि चॅम्पियन मिक शूमाकर २०२१ ला गेले. जेहान २०२४ मध्ये मासेराटीकडून फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरला. एका सीझननंतर ती जागाही गेली.

भारताकडून फॉर्म्युला वनमध्ये शर्यत धावले दोघंच. २००५ ला पदार्पण केलेला नारायण कार्तिकेयन आणि २०१० ला आलेला करुण चांडोक.

आता अर्जुन मैनीकडे येऊ

अर्जुनही याच वाटेने गेला. २०१८ मध्ये तो फॉर्म्युला टूत होता, फॉर्म्युला वनच्या हास टीमचा डेव्हलपमेंट ड्रायव्हरही होता. खुर्ची त्यालाही मिळाली नाही. मग त्याने गाडीच बदलली. २०२१ मध्ये तो मर्सिडीज घेऊन डीटीएममध्ये उतरला. तिथे रेस करणारा पहिला भारतीय. २०२५ मध्ये तो तिथेच फोर्ड मस्टँग चालवत होता.

डीटीएम ही जर्मनीची टुरिंग कार चॅम्पियनशिप, १९८४ पासूनची. टुरिंग कार म्हणजे शोरूममधल्या गाडीसारखी दिसणारी, डोक्यावर छत असलेली, पण आतून पूर्ण रेससाठी बांधलेली गाडी. २०२१ पासून तिथे जीटी थ्री प्रकारच्या गाड्या धावतात. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, पोर्शे यांसारख्या कंपन्यांसाठी ही इज्जतीची लढाई असते. म्हणून त्या चांगला ड्रायव्हर शोधतात आणि त्याला पगार देतात. फॉर्म्युलाच्या खालच्या पायऱ्यांवर उलटं असतं. तिथे एका सीझनचे कोट्यवधी रुपये ड्रायव्हरच्या घरच्यांनी नाहीतर स्पॉन्सरने भरायचे असतात.

या वाटेवरचा सगळ्यात मोठा माणूस

त्याचं नाव बर्न्ड श्नायडर. जन्म १९६४, जर्मनीतलं सांक्ट इंगबर्ट. १९८७ चा जर्मन फॉर्म्युला थ्री चॅम्पियन. पुढच्याच वर्षी तो झाकस्पीड टीमकडून फॉर्म्युला वनमध्ये गेला. पण गाडी इतकी मार खाणारी होती, की १९८९ च्या १६ शर्यतींपैकी फक्त २ मध्ये तो क्वालिफाय झाला. तीन वर्षांत ३४ वेळा नाव नोंदवलं, प्रत्यक्ष शर्यत सुरू केली ९ वेळा. पॉइंट शून्य.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण श्नायडर मर्सिडीजकडून डीटीएममध्ये गेला आणि १९९५, २०००, २००१, २००३ आणि २००६ असा पाच वेळा चॅम्पियन झाला. डीटीएममधला हा विक्रम आहे. २००८ ला त्याने डीटीएम सोडली. तरी २०१३ या एकाच वर्षात दुबई, न्यूरबर्गरिंग आणि स्पा इथल्या २४ तासांच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टची १२ तासांची शर्यत जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता. वय वर्षं ४९ व्हायला आलेलं.

फॉर्म्युला वनच्या रेकॉर्ड बुकात हाच माणूस शून्य पॉइंटवाला आहे.

म्हणून जेहानला 'फॉर्म्युला वन न जमलेला' म्हणून मोकळं होणं चुकीचं आहे. तो १९९८ चा आहे. श्नायडरने पहिली डीटीएम चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. अर्जुन मैनीने भारतीय पोरांसाठी जर्मनीतलं ते दार उघडून ठेवलंय, आणि नोरिसरिंगवर कसं जिंकायचं हे जेहानला २०१७ पासून माहिती आहे.