तळटीप १२ : लेव्हल कॅप
भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये पात्र लढाया व कामगिऱ्यांतून अनुभवगुण मिळवते आणि ठरावीक गुण साठले की त्याची लेव्हल, म्हणजे बळ व कौशल्य यांची पातळी, एका पायरीने वर जाते. ही वाढ जेथे थांबवली जाते, ती लेव्हल कॅप. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) या गेमने ती ८९,००० अनुभवगुणांवर ठेवली, त्यापुढे कितीही शत्रू मारले तरी पात्र तसूभर वाढत नसे, आणि हे योग्यच होते, कारण एरवी शेवटची लढाई अगदीच किरकोळ ठरली असती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’मध्ये (२०२०) मात्र अनुभवगुणच नाहीत, वाटेत सापडणारे शक्तिगोल शस्त्रांच्या दैवी गुणांवर खर्चून राजी समर्थ होते, त्यामुळे त्या गोलांची संख्या हीच तेथील मर्यादा.